बेंटली कॉन्टिनेंटल, एकास आठ: प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025

प्रतिकृती कुठल्या गाडीची करायची, हे आज पक्कं झालं: बेंटली आर-टाइप कॉन्टिनेंटल, 1952. एकास आठ माप. आत सागवानी ठोकळा, त्यावर बेतलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि शेजारी भिंतीवर तीन तक्ते. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ऑटोमोबाइल विभागात ती कायमची ठेवायची आहे. तिथल्या सरांना एखादी फेरारी हवी होती, कारण मुलं ती लांबून ओळखतात. मी त्यांना म्हटलं, ग्रँड टूरिंग गाडी, म्हणजे लांबच्या प्रवासाची वेगवान, आरामशीर गाडी, काय चीज असते हे शिकवायचं असेल, तर कॉन्टिनेंटलच्या तोडीचं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

या गाडीची चासी, इंजिन, ब्रेक सगळं मूळचं त्या वेळच्या साध्या बेंटली सलूनचं, म्हणजे बंदिस्त घरगुती गाडीचं. ती सलून ताशी शंभर मैलांपर्यंत, म्हणजे 160 किमीपर्यंत, कशीबशी पोचायची. कॉन्टिनेंटल त्याच सामग्रीवर 190 च्या घरात गेली, तीसुद्धा चार माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन. चार आसनांची इतकी वेगवान गाडी त्या वेळी जगात दुसरा कुठला कारखाना बनवत नव्हता. इंजिन न वाढवता वेग वाढला कसा, याचं उत्तर गाडीच्या पाठीच्या उतारात, मागच्या ॲक्सलच्या दातांत आणि वजनकाट्यावर सापडतं. तीन तक्ते त्यासाठीच.

19 जानेवारी

मापं काढून झाली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, दहा फूट, म्हणजे 3048 मिमी. आठाने भागलं की नेमके 381. लांबी सव्वापाच मीटरच्या आसपास, म्हणजे ठोकळा साधारण साडेसहाशे मिमीचा लागेल.

कुठली कॉन्टिनेंटल, हाही प्रश्न होता. पहिली चाचणीची गाडी 1951 च्या उन्हाळ्यात रस्त्यावर आली. तिचा नोंदणी क्रमांक ओएलजी 490, म्हणून सगळे तिला ‘ओल्गा’ म्हणू लागले आणि तेच नाव टिकलं. तिची पुढची काच मधोमध पट्टी असलेली, दोन तुकड्यांची होती, आणि छप्पर विक्रीच्या गाड्यांपेक्षा साधारण इंचभर उंच. विक्रीच्या गाड्यांना एकसंध वळणदार काच आली आणि छप्पर खाली उतरलं. एकास आठमध्ये हा फरक जेमतेम तीन मिमीचा, पण बाजूने पाहिलं की नजरेत भरतो. मी विक्रीची गाडी घेतोय. छताचा तो शेवटचा इंच उतरला आणि गाडी पूर्ण झाली, असं माझं ठाम मत आहे.

2 फेब्रुवारी

पहिल्या तक्त्याचा मजकूर लिहायला घेतला. ओल्गाची गोष्ट बेंटलीच्या इंग्लंडमधल्या क्रूच्या कारखान्यात सुरू होत नाही, ती पॅरिसमध्ये सुरू होते.

1938 साली पॅरिसमध्ये राहणाऱ्या आंद्रे एम्बिरिकोस या ग्रीक गृहस्थाने सव्वाचार लिटरच्या बेंटलीच्या चासीवर स्वतःसाठी एक बंदिस्त, पाण्याच्या थेंबासारखी बॉडी करून घेतली. रेखाटन जॉर्ज पॉलाँ यांचं, बांधणी मार्सेल पूर्तू यांच्या कार्यशाळेतली. पॉलाँ हे व्यवसायाने दंतवैद्य. बटण दाबलं की अख्खं धातूचं छप्पर डिकीत जाऊन बसेल, ही कल्पना त्यांनीच 1930 च्या दशकात पेटंट करून प्यूजोच्या गाड्यांवर प्रत्यक्षात आणली होती. ही एम्बिरिकोस बेंटली 1939 मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स धावपट्टीवर तासाभरात 114 मैलांच्या वर, म्हणजे जवळपास 184 किमी धावली. युद्धानंतर तीच गाडी, अंगावर बरीच वर्षं घेऊन, ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत 1949, 1950 आणि 1951 अशी सलग तीन वर्षं उतरली आणि तिन्ही वेळा शर्यत पूर्ण केली. 1949 मध्ये ती सहावी आली.

बेंटली 1931 पासून रोल्स-रॉइसच्या मालकीची होती. त्यांच्या अभियंत्यांनी एम्बिरिकोसच्या गाडीतून धडा घेतला आणि ‘कॉर्निश’ नावाची चाचणीची गाडी 1939 मध्ये फ्रान्समध्ये धावायला पाठवली. तिथे तिला अपघात झाला. दुरुस्त झालेली बॉडी इंग्लंडला परतायची वाट पाहत दिएपच्या बंदरात होती, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. पॉलाँ फ्रेंच प्रतिकाराच्या चळवळीत शिरले. 1942 मध्ये नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघं चाळिशीच्या आसपास.

कॉन्टिनेंटलवर लिहिताना हे नाव बहुधा एका ओळीत उरकलं जातं. तक्त्यावर मी त्यांना अर्धा रकाना देतोय. कॉर्निशनंतर दहाएक वर्षांनी क्रूच्या माणसांनी ‘कॉर्निश दोन’ या अंतर्गत नावाने काम पुन्हा हाती घेतलं, तेव्हा मोठ्या गाडीला वारा कसा कापायचा ते दाखवणारा माणूस हाच होता.

16 फेब्रुवारी

सागवानाचा ठोकळा चिकटवून शिकंज्यात कसला. दर 40 मिमीला एक आडवा छेद धरून प्लायवुडचे फर्मे कापले. मागच्या भागात मात्र दर 20 मिमीला एक, कारण तिथला उतार सतत बदलत जातो. आज एवढंच.

9 मार्च

आजचा सबंध रविवार गणितात गेला. दुसरा तक्ता यातूनच होणार आहे, म्हणून तपशिलात लिहून ठेवतो.

रोल्स-रॉइस इंजिनाची अश्वशक्ती जाहीर करत नसे. इंजिनाची रचना मात्र ठाऊक आहे: सरळ ओळीत सहा सिलिंडर, 4566 सीसी, आत घेणारी झडप वर डोक्यात आणि जळका वायू बाहेर सोडणारी झडप बाजूला ठोकळ्यात. या मांडणीत आत घेणारी झडप मोठी ठेवता येते, कारण डोक्यात तिला दुसऱ्या झडपेशी जागा वाटून घ्यावी लागत नाही. हे इंजिन आवाज करत नाही, घाई करत नाही. खालच्या फेऱ्यांपासून ओढत राहतं. दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर सलूनलाही होते; जरा वाढवलेलं कॉम्प्रेशन आणि मोकळा एक्झॉस्ट, एवढीच काय ती कॉन्टिनेंटलसाठीची सुधारणा. ताकद दीडशे अश्वशक्तीच्या आसपास धरायला हरकत नाही.

आता ओल्गाचा नोंदलेला वेग घ्या. सप्टेंबर 1951 मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरी धावपट्टीवर तिने पाच फेऱ्यांत सरासरी 118.75 मैल, म्हणजे ताशी 191 किमी गाठला. त्या वेगाला चाकांपर्यंत पोचलेली ताकद साधारण 97 किलोवॅट धरली आणि टायरांचा रोध वजा केला, तर उरलेली सगळी ताकद वारा ढकलण्यात जाते. त्यावरून वाऱ्याला अडवणारं क्षेत्रफळ, म्हणजे समोरचं क्षेत्रफळ गुणिले रोधांक (आकार हवेला किती अडवतो तो आकडा), 0.9 चौरस मीटरच्या थोडं आतच येतं. शंभर मैलांच्या आसपास थांबणाऱ्या सलूनसाठी हेच गणित केलं तर आकडा 1.3 च्या जवळ जातो. आकडे माझ्या गृहीतांवर उभे आहेत, पाच-दहा टक्के इकडे तिकडे होतील. पण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रोध घटला, हा निष्कर्ष ढळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. दोन्ही गाड्या ताशी 160 ने चालवल्या, तर सलूनला त्या वेगाला जवळपास सव्वाशे अश्वशक्ती लागतात, म्हणजे होती नव्हती तेवढी सगळी. पाय तळाला टेकलेला, पुढे चढ आला की वेग उतरणार. कॉन्टिनेंटलला त्याच वेगाला नव्वदीच्या आसपास पुरतात. एक तृतीयांश ताकद हाताशी शिल्लक. रस्ता चढला, ट्रकला मागे टाकायचं असलं, की ती शिल्लक वापरायची.

माझ्या लेखी हीच ग्रँड टूरिंग गाडीची व्याख्या: मोठा वेग आणि त्या वेगालाही मागे राखलेला दम. तक्त्यावर दोन्ही गाड्यांच्या रेघा एकाच आलेखात काढायच्या आणि मधली फट रंगाने भरायची. मुलांनी त्या रंगीत फटीकडे बघावं.

16 मार्च

गणिताची पुरवणी. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर सलूनमध्ये 3.73 होतं, कॉन्टिनेंटलमध्ये 3.077. त्यामुळे टॉप गिअरला इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागे गाडी साधारण 43 किमी वेग घेते, सलून 36. ताशी 160 ला सलूनचं इंजिन साडेचार हजारांच्या उंबरठ्यावर, कॉन्टिनेंटलचं 3700 वर. आठशे फेऱ्यांचा हा फरक प्रवाशांच्या कानांना आणि इंजिनाच्या बेअरिंगांना दिवसभर जाणवतो.

गुणोत्तर कमी करून वेग वाढवणं वरवर सोपं वाटतं, पण वाऱ्याचा रोध उतरलेला नसता तर या गुणोत्तराने गाडी टॉप गिअरला रडली असती. आधी बॉडी, मग ॲक्सल, हा क्रम महत्त्वाचा.

23 मार्च

वजनाबद्दल लिहिलं. प्रकल्प अभियंता आयव्हन एव्हर्नडेन. हेन्री रॉइस यांच्या हाताखाली इंग्लंडमधल्या वेस्ट विटरिंग गावी घडलेला माणूस. त्याने वजनाची मर्यादा घालून दिली ती 34 हंड्रेडवेट, म्हणजे साधारण 1730 किलो. ही मर्यादा घालायला लावली टायरांनी.

त्या काळचे आडव्यातिडव्या धाग्यांचे टायर प्रत्येक फेरीत जमिनीला लागून दबत आणि सुटत. त्या दबण्या-सुटण्यात उष्णता होते. वजन वाढलं की दाब वाढतो, वेग वाढला की दबण्याची गती वाढते. शिवाय 190 किमीला टायरच्या कडेचा प्रत्येक ग्रॅम आपल्या वजनाच्या जवळपास आठशे पट जोराने बाहेर ओढला जातो. पावणेदोन टनांची गाडी त्या वेगाला निभावून नेणारे रस्त्यावरचे टायर 1951 मध्ये दुर्मिळच. म्हणून एव्हर्नडेनने उलटीकडून हिशेब मांडला: टायर किती सोसतील ते आधी, गाडीचं वजन त्यानंतर. लंडनच्या चिझिकमधल्या एच. जे. मुलिनर या बॉडी बांधणाऱ्यांनी लाकडी सांगाड्याला फाटा देऊन हलक्या मिश्रधातूचा सांगाडा केला. बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, खिडक्यांच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या, आसनांचे सांगाडे आणि बंपरसुद्धा ॲल्युमिनियमचे.

पुढे गिऱ्हाइकांनी जाड गाद्या मागितल्या, इतर सोयी मागितल्या, गाड्या जड होत गेल्या. टायरही सुधारले म्हणून निभावलं. पण माझी प्रतिकृती सुरुवातीच्या, पातळ पाठीच्या आसनांच्या गाडीची. तिच्यात एव्हर्नडेनची शिस्त दिसते.

13 एप्रिल

आज पत्र्याला हात घातला. सलीमभाईंना वर्कशॉपवर बोलावलं होतं. त्यांचं आयुष्य फियाट आणि ॲम्बेसेडरचे मडगार्ड सरळ करण्यात गेलं. इतका लहान पत्रा त्यांनी कधी ठोकला नव्हता, पण ठोकळा पाहिल्यावर त्यांनी आधी मागच्या उतारावरून तळहात फिरवला, छतापासून थेट बंपरपर्यंत. दोनदा. मग म्हणाले, “साहेब, याला कुठे थांबाच नाही.” 

एव्हर्नडेन आणि शैलीकार जॉन ब्लॅचली यांनी नेमकं तेच साधलं होतं. हकनॉलला रोल्स-रॉइसचा विमान इंजिनांच्या चाचण्यांचा तळ होता, तिथल्या वायुबोगद्याची मदत त्यांना मिळाली. छताची रेघ मागच्या काचेवरून डिकीवर न अडता उतरते, म्हणून हवा पृष्ठभागाला धरून राहते आणि गाडीमागे भोवरे कमी होतात. मागच्या मडगार्डांच्या कडा जरा उभ्या केल्या आहेत. दिसायला त्या छोट्या पंखांसारख्या. अशा निमुळत्या पाठीच्या गाडीला आडव्या वाऱ्यात भरकटायची खोड असते. त्या कडांमुळे वाऱ्याचा बाजूचा जोर मागे सरकतो आणि गाडी सरळ राहते. शोभेसाठी म्हणून लोक ज्याकडे बघतात, ते असं कामाला आलेलं आहे.

0.8 मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा थंड ठोकला तर कडक होतो आणि चिरतो, म्हणून आधी तापवून मऊ करायचा. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, कळणार कसं? सलीमभाईंनी अंगाच्या साबणाची वडी पत्र्यावर घासली आणि खालून बत्ती फिरवली. साबण आधी तपकिरी झाला, मग काळा पडला. काळा पडताक्षणी बत्ती बाजूला. आणखी दोन-चार सेकंद धरली असती तर पत्रा ओघळला असता. मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने मधून बाहेर ठोकत पोट आणलं, उलटून डॉलीवर, म्हणजे लोखंडी ठोकळ्यावर, गुळगुळीत केलं, फर्मा लावला, उजेडाची फट पाहिली, पुन्हा पिशवीवर. पत्रा मधे ताणायचा आणि कडेला गोळा करायचा, हे दोन्ही एकाच वेळी चालतं. ताणणं सोपं. गोळा करणं हातात यायला वर्षं जातात, आणि मागच्या पंखाच्या मुळाशी सगळं काम गोळा करण्याचं आहे.

चिझिकमध्ये मुलिनरच्या कारागिरांनी हेच पूर्ण आकारात केलं, गाडीमागून गाडी. म्हणूनच कुठल्याही दोन कॉन्टिनेंटल तंतोतंत सारख्या नाहीत.

27 एप्रिल

उजवा पंख बसला. डावा उद्या. पुढच्या जाळीचे उभे पात पितळी पट्टीतून कापून क्रोमला पाठवले.

18 मे

तिसऱ्या तक्त्यासाठी ब्रेकची आकृती काढत होतो. ही यंत्रणा मला फार आवडते, म्हणून सावकाश काढली.

पुढचे ब्रेक हायड्रॉलिक, मागचे दांड्यांनी ओढले जाणारे, चारही ड्रम. दोन टनांच्या आसपासची भरलेली गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबत नाही. आजच्या गाडीत इंजिनाच्या पोकळीचा म्हणजे व्हॅक्यूमचा सर्व्हो असतो. इथे गिअरबॉक्सच्या बाजूला घर्षणाची एक तबकडी आहे आणि ती गाडीच्या वेगाच्या प्रमाणात सावकाश फिरत असते. पेडल दाबलं की ती तबकडी दुसऱ्या तबकडीला चिकटते, तिला थोडी सोबत ओढते, आणि त्या ओढीने ब्रेकच्या दांड्या खेचल्या जातात. गाडीची स्वतःची गती गाडीच्या ब्रेकला बळ देते. इंजिन बंद पडलं तरी गाडी चालती असेतोवर सर्व्हो हजर. उलट अगदी मुंगीच्या पावलांनी गाडी लावताना तबकडी जवळपास थांबलेली असते, मदत उशिरा येते. तिथे चालवणाऱ्याला सवय करून घ्यावी लागते. लांबच्या प्रवासासाठीच्या गाडीने ही तडजोड पत्करली, ते मला योग्य वाटतं.

याच तक्त्यावर सुकाणूच्या मधला छोटा खटका दाखवायचा. तो फिरवला की मागचे शॉक ॲब्सॉर्बर कडक होतात; गावातल्या फरशीवर मऊ, मोकळ्या रस्त्यावर कडक. आणि गिअरची दांडी: उजव्या हाताला, आसन आणि दार यांच्या मधे. त्यामुळे समोर दोघांच्या मधली जागा मोकळी राहते.

8 जून

पहिल्या तक्त्याच्या शेवटी नकाशा घालायचा ठरवलं: लंडन ते फ्रेंच रिव्हिएरा, म्हणजे फ्रान्सचा दक्षिण किनारा. गाडीचं नाव कॉन्टिनेंटल, कारण ती बनवली गेली इंग्लिश खाडीपलीकडच्या, युरोप खंडाच्या रस्त्यांसाठी.

त्या वेळचं इंग्लंड आठवावं लागतं. पेट्रोलचं रेशनिंग मे 1950 मध्ये उठलं होतं. पोलाद निर्यात करणाऱ्यांना आधी मिळे, म्हणून कॉन्टिनेंटलही सुरुवातीला निर्यातीपुरतीच होती. इंग्लंडमधले रस्ते अरुंद, गावामागून गाव. फ्रान्सचे राष्ट्रीय मार्ग मात्र दुतर्फा झाडांचे, मैलोन्मैल सरळ, बहुतेक रिकामे. गावाबाहेर वेगाला मर्यादा नाही. 1948 पासून सिल्व्हर सिटी एअरवेज इंग्लंडच्या लिंपहून फ्रान्सच्या ल तुकेला विमानातून गाड्या नेत असे: ब्रिस्टल फ्रेटरच्या नाकाचे दोन दरवाजे उघडायचे आणि गाडी सरळ विमानाच्या पोटात चढवायची. सकाळी केंटमध्ये चहा, दुपारी पॅरिसच्या खाली, दुसऱ्या दिवशी समुद्र. अशा प्रवासात मोजायचं असतं ते एकच: उतरल्यावर माणसं ताजी आहेत का. 1952 मध्ये ही गाडी चालवून पाहणाऱ्या इंग्रज परीक्षकांनी तिला मोठी अंतरं गिळणारा आधुनिक जादूचा गालिचा म्हटलं, आणि प्रवासी निघाले तेवढेच टवटवीत पोचतात, याचीही नोंद केली. 

माझी बरीच वर्षं वाहनांच्या चाचण्यांमध्ये गेली आहेत. आमच्याकडे शून्य ते शंभर किती सेकंदांत हे पहिल्या पानावर असतं. सहा तासांनंतर चालवणाऱ्याचे खांदे कसे आहेत, याचा रकाना मी कुठेच पाहिलेला नाही. कॉन्टिनेंटलचं आकर्षण त्या न छापलेल्या रकान्यात आहे. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर घाट सोडला तर मोटारींना शंभरची मर्यादा आहे आणि ती पाळायलाच हवी, पण त्या शंभरलाही एखादी गाडी थकवते आणि एखादी नाही; तिथला फरक आणि माझ्या आलेखातली रंगीत फट ही एकाच जातीची गोष्ट आहे.

29 जून

सरांनी विचारलं, मग हलक्या, चपळ गाड्यांना ग्रँड टूरिंग म्हणायचं नाही का? म्हणायचं, अर्थात. 1951 ची लान्चिया ऑरेलिया बी 20 ही इटालियन शाळा: दोन लिटरचं व्ही-6 इंजिन, ताकद कॉन्टिनेंटलच्या निम्मी, वजन खूप कमी, आणि त्याच वर्षी मिल्ये मिल्याच्या शर्यतीत सगळ्यांत दुसरी. तीही दम राखते, पण वळणावर राखते. डोंगराच्या वळणांवर बेंटली तिच्या मागे पडेल. सपाट, सरळ रस्त्यावर लान्चियाला टॉप गिअरला जीव काढावा लागेल. तक्त्याच्या कोपऱ्यात ऑरेलियाचं छोटं चित्र टाकतो.

आणि एक नाव राहून जात होतं: जाँ दानिनोस. 1940 च्या दशकाच्या शेवटी त्याने पिनिन फारिनाच्या रेखाटनावर बेंटली मार्क सहाच्या चासीवर ‘क्रेस्टा’ नावाच्या मोजक्या गाड्या केल्या. पुढे 1954 मध्ये त्याने फ्रान्सची स्वतःची ग्रँड टूरर काढली, फॅसेल व्हेगा. पॉलाँपासून दानिनोसपर्यंत, कॉन्टिनेंटलच्या आगेमागे फ्रेंच माणसं सतत दिसतात.

20 जुलै

रंग. प्रायमरवर लांबी (पुटी) अगदी पातळ भरली, पाण्याखाली पॉलिश पेपर मारला. पावसाळी हवेत फवारा मारला तर रंगावर दुधी झाक येते, म्हणून ऊन पडेपर्यंत हात आखडता घेतलाय. गडद निळसर करडा ठरलाय. काळ्या रंगात पाठीचा उतार दिसेनासा होतो आणि दोन रंगांत तो मोडतो.

10 ऑगस्ट

तिसऱ्या तक्त्याचा शेवटचा भाग, ‘पुढे काय झालं’, आज लिहून संपवला.

1952 ते 1955 या काळात ओल्गा धरून 208 गाड्या झाल्या. त्यातल्या बहुतेक, 193, मुलिनरच्या बॉडीच्या; बाकी पार्क वॉर्ड, फ्रानाय, ग्राबर, फारिना अशा इतरांच्या. 1954 पासून इंजिन 4887 सीसीचं झालं, आणि ज्यांना हवा होता त्यांना स्वयंचलित गिअरबॉक्स मिळू लागला. 1955 मध्ये एस मालिकेची कॉन्टिनेंटल आली, 1959 मध्ये तिला 6230 सीसीचं व्ही-8 मिळालं. नंतर नाव अधूनमधून येत-जात राहिलं.

2003 ची कॉन्टिनेंटल जीटी फोक्सवागेनच्या मालकीच्या काळातली. डर्क फान ब्राकेल यांच्या चमूने मागच्या मडगार्डांची कंबर आणि छताचा उतार सरळ ओल्गाच्या घरातून घेतला. 5998 सीसीचं डब्ल्यू-12, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, 560 अश्वशक्ती, चारही चाकांना जोर, ताशी 318 किमी, वजन मात्र 2300 किलोंच्या वर. तिच्या दुसऱ्या पिढीत पुढच्या मडगार्डांसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून हवेच्या दाबाने साच्यात फुगवला. सलीमभाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पत्रा किती जाडीचा होता एवढंच विचारलं. डब्ल्यू-12 इंजिनांचं उत्पादन 2024 च्या जुलैत क्रूमध्ये थांबलं, एक लाखाहून जास्त इंजिनं झाल्यावर, आणि आता नव्या जीटीच्या ‘स्पीड’ आवृत्तीत व्ही-8 आणि विजेची मोटार मिळून 782 अश्वशक्ती आहेत.

इतक्या ताकदीच्या गाडीत दम राखणं सोपं आहे. जड बॉडीची भरपाई इंजिन करतं. एव्हर्नडेनला ती मुभा नव्हती. त्याला प्रत्येक किलो आणि वाऱ्याचा प्रत्येक भोवरा हिशेबात धरावा लागला, म्हणून मला त्याची गाडी जास्त मोठी वाटते. तक्त्यावर हे मत माझ्या नावाने लिहिलंय, माहिती म्हणून नाही.

सर म्हणत होते, माहितीच्या चौकटीत अश्वशक्तीचा आकडा घाला, मुलं तोच आधी शोधतात. चौकटीत असं लिहिलं: ‘कंपनीने जाहीर केली नाही, अंदाजे 150.’ त्याच्या शेजारी, त्याहून मोठ्या अक्षरांत: ‘ताशी 160 ला लागणारी: अंदाजे 90.’

क्रोमची जाळी परवा येतेय. ती बसली की मागच्या चाकांवरची झाकणं, आणि मग प्रतिकृती टेम्पोत.